मुंबईतली आमदारांची खोली : सोय कुणाची, पैसा कुणाचा? जळगाव-धुळ्याच्या मतदारांसाठी सविस्तर माहिती

जळगाव / धुळे : घरात कुणाला टाटा हॉस्पिटलला न्यायचं असलं, मंत्रालयात अडकलेली फाईल पाहायची असली किंवा पोराची मुंबईत परीक्षा असली, की गावातला माणूस सगळ्यात आधी एकच विचारतो. ‘भाऊ, मुंबईले जानं शे, खोलीनं काई व्हई का?’ ही खोली म्हणजे आमदार निवासातली खोली. लॉज परवडत नाही, नातेवाईक कल्याण-डोंबिवलीच्या एका खोलीत राहतात, त्यामुळे आमदारांच्या खोलीतली सतरंजी हाच आधार.

ही खोली आमदारांना कोणत्या नियमाने मिळते, तिच्याऐवजी रोख भत्ता कधी सुरू झाला, त्याचा खर्च किती आणि या बदलात मतदाराच्या वाट्याला काय आलं, याची माहिती बऱ्याच जणांना नसते. ती इथे एकत्र दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचं

- आमदारांचं वेतन व भत्ते १९५६ च्या कायद्याने ठरतात. राहण्याची मूळ सोय खोलीची आहे.
- मनोरा आमदार निवास धोकादायक ठरल्यावर २०१८ मध्ये तिथल्या आमदारांना दरमहा १ लाख रुपये भाडेभत्ता देण्याचा निर्णय झाला.
- मार्च २०२२ मध्ये मुंबईबाहेरच्या आमदारांसाठी सुमारे ३०० घरांची घोषणा झाली आणि विरोधानंतर मागे पडली.
- खोली असली तर तिचा उपयोग मतदारालाही होतो. भत्ता आमदारांच्या खात्यात जातो.

कायदा काय सांगतो?

आमदारांना किती पगार आणि कोणते भत्ते द्यायचे, हे संविधानाच्या कलम १९५ प्रमाणे विधानमंडळ स्वतः कायदा करून ठरवतं. महाराष्ट्रात त्यासाठी विधानमंडळ सदस्यांचे वेतन व भत्ते यांचा १९५६ चा कायदा आहे. म्हणजे पगार घेणारे आणि पगार ठरवणारे एकच. शेतकऱ्याला आपल्या कापसाचा भाव स्वतः ठरवता येत नाही, आमदारांना आपला पगार ठरवता येतो, असं पारावर बोललं जातं ते यामुळेच.

ऑगस्ट २०१६ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. आमदारांचं वेतन राज्याच्या प्रधान सचिवांच्या वेतनाशी जोडलं गेलं. सातव्या वेतन आयोगानंतर मूळ वेतन दरमहा १,८२,२०० रुपये झालं. त्यावर महागाई भत्ता, दूरध्वनीसाठी ८,००० रुपये, टपाल व स्टेशनरीसाठी १०,००० रुपये आणि संगणकासाठी १०,००० रुपये. अधिवेशन किंवा समितीची बैठक असेल त्या दिवसाचा २,००० रुपये दैनिक भत्ता वेगळा. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते, ती प्रवासाची सवलतही यातलीच.

या यादीत घरभाडं ठळकपणे दिसत नाही. कारण राहण्याची सोय पैशाने नव्हे, तर खोली देऊन करायची, ही जुनी पद्धत.

खान्देशापासून राजधानी किती लांब?

जळगाव जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत : चोपडा, रावेर, भुसावळ, जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा, जामनेर आणि मुक्ताईनगर. धुळे जिल्ह्यात ५ : साक्री, धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा आणि शिरपूर. दोन्ही मिळून १६. यातले चोपडा, साक्री आणि शिरपूर हे तीन आदिवासी राखीव, तर भुसावळ अनुसूचित जातीसाठी राखीव.

रेल्वेने चाळीसगाव मुंबईपासून सव्वातीनशे किलोमीटर, जळगाव ४२० आणि भुसावळ साधारण ४४५ किलोमीटर. धुळे, शिरपूरकडचे लोक मुंबई-आग्रा महामार्गाने जातात. रात्री गाडीत बसलं तर सकाळी मुंबई. सकाळी जाऊन काम आटोपून त्याच दिवशी घरी येणं शक्य नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून निघालेल्या माणसाचा तर स्टेशनपर्यंत यायलाच अर्धा दिवस जातो. मुंबई शहर व उपनगरातले ३६ आमदार अधिवेशन संपलं की रात्री आपल्या घरी जाऊन झोपतात. खान्देशातल्या आमदाराला तसं करता येत नाही. लांबच्या आमदाराला राजधानीत निवारा पाहिजे, यात म्हणून वाद नाही. वाद आहे तो निवारा कशा रूपात द्यायचा आणि त्याचा हिशेब कुणी ठेवायचा, याचा.

मंत्री झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मलबार हिल किंवा मंत्रालयासमोरच्या भागात सरकारी बंगला मिळतो. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या मंत्रिमंडळ विस्तारात या १६ जणांपैकी चौघे मंत्री झाले : जामनेरचे गिरीश महाजन, जळगाव ग्रामीणचे गुलाबराव पाटील, भुसावळचे संजय सावकारे आणि शिंदखेड्याचे जयकुमार रावल. उरलेल्या बारा जणांचा प्रश्न आमदार निवासाशी जोडलेला आहे.

आमदार निवास कोणकोणते?

विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ मिळून ३६६ आमदार. सध्याच्या विधान भवनाचं उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झालं. दक्षिण मुंबईत आमदारांच्या राहण्याची नावं गावोगाव माहीत आहेत.

मॅजेस्टिक : कुलाब्याजवळ, रिगल सिनेमासमोर. मूळची इंग्रजांच्या काळातली हॉटेलची इमारत. पुढे सरकारने तिथे आमदार निवास केलं. खाली सहकारी भांडार होतं, म्हणून जुन्या कार्यकर्त्यांना ते त्याच खुणेने आठवतं.

आकाशवाणी : चर्चगेट स्टेशनपासून पायी जाता येतं आणि मंत्रालय हाकेच्या अंतरावर. ग्रामीण भागातल्या आमदारांची आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांची इथे कायम वर्दळ असते. जुलै २०२५ मध्ये इथल्या कॅन्टीनच्या डाळीवरून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी कर्मचाऱ्याला मारहाण केली, तो व्हिडिओ गावागावातल्या मोबाईलवर फिरला. ते हेच निवास.

मनोरा : नरिमन पॉइंटला, चार इमारतींचं. १९९० च्या दशकात बांधलेलं. आमदारांच्या राहण्याचा मोठा भार याच निवासावर होता आणि सगळी गोष्ट बदलली तीही इथूनच.

मनोरा रिकामा झाला तेव्हा

२०१७ च्या अखेरीस मनोऱ्यातल्या एका खोलीत छताचा भाग कोसळला. ती खोली होती एरंडोलचे त्या वेळचे आमदार डॉ. सतीश पाटील यांची. म्हणजे या प्रकरणाचा धागा थेट पारोळा-एरंडोलशी जुळतो. इमारतीला तेव्हा २५ वर्षंही पुरती झाली नव्हती. गावात मातीच्या धाब्याची घरं याहून जास्त वर्षं उभी आहेत, अशी तेव्हा आपल्याकडे चर्चा होती.

त्यानंतर मनोरा वापरासाठी धोकादायक ठरवण्यात आला. २०१८ मध्ये खोल्या रिकाम्या करायला सुरुवात झाली, पुढे इमारती पाडल्या. खोली गेलेल्या आमदारांनी राहायचं कुठे? सरकारने निर्णय घेतला की नवी इमारत उभी राहीपर्यंत या आमदारांना बाहेर घर भाड्याने घेण्यासाठी दरमहा १ लाख रुपये द्यायचे.

नव्या मनोऱ्याचं काम मात्र लांबत गेलं. सरकारं बदलली, काम करणारी यंत्रणा बदलली, खर्चाचे अंदाज वाढले. मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट जोरात असताना, सुमारे ९०० कोटींच्या कामाची निविदा निघाली. दवाखान्यात बेड आणि ऑक्सिजन मिळत नव्हता, त्या दिवसांत आमदारांच्या निवासावर एवढा खर्च कशाला, अशी टीका झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं.

रिकामं करण्यापासून भूमिपूजनापर्यंत पाच वर्षं गेली. पाच वर्षं म्हणजे विधानसभेची एक पूर्ण मुदत. तात्पुरती म्हणून केलेली सोय किती लांबू शकते, ते यावरून कळतं.

खोली आणि भत्ता : फरक काय पडतो?

कागदावर दोन्ही सारखंच वाटतं. खोली नाही तर भाडं घ्या. पण गावातल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर फरक मोठा आहे.

आमदार निवासातली खोली ही सार्वजनिक जागा. तिचा पत्ता सगळ्यांना माहीत. आमदारांचं पत्र किंवा स्वीय सहायकाचा फोन असला की कार्यकर्ता, पेशंटचे नातेवाईक, मंत्रालयात आलेला सरपंच तिथे रात्र काढतो. आमदार स्वतः तिथे नसले तरी खोलीला कुलूप नसतं. पलंग नाही मिळाला तर जमिनीवर पथारी. खाली कॅन्टीनमध्ये स्वस्तात जेवण. आंघोळ उरकून सकाळी दहाला मंत्रालयाच्या रांगेत.

भाड्याचा फ्लॅट ही खासगी जागा. तो कोणत्या भागात आहे हे मतदाराला माहीत नसतं. हाउसिंग सोसायटीचा वॉचमन नाव विचारतो आणि दहा माणसांना एका फ्लॅटमध्ये पथारी टाकू देत नाही. आमदारांची इच्छा असली तरी सोसायटी ऐकत नाही. आमदाराची सोय झाली, पण आमदारामार्फत होणारी गावाची सोय तुटली.

हा तोटा कोणत्याही बजेटमध्ये दिसत नाही, कारण सतरंजीचा हिशेब सरकार ठेवत नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर पेशंटचे नातेवाईक झोपलेले असतात, त्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं असतात. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा बाहेरगावच्या पेशंटचा मोठा आधार आहे, पण तिथेही नंबर लागावा लागतो. अशा वेळी आमदारांच्या दोन खोल्या असणं किंवा नसणं हा गरीब घरासाठी हजारो रुपयांचा फरक असतो.

दुसरी गोष्ट नियमाची. हा भत्ता देताना निकष होता मनोऱ्यातली खोली. मतदारसंघ मुंबईपासून किती लांब, किंवा आमदाराचं मुंबईत आधीच स्वतःचं घर आहे का, यावर तो बेतलेला नव्हता. खरी गरज अंतराची आहे, तर नियमही अंतराचा असायला पाहिजे, हा मुद्दा तिथेच राहून गेला.

हिशेब गावाच्या भाषेत

दरमहा १ लाख म्हणजे एका आमदारामागे वर्षाला १२ लाख. पाच वर्षांचे ६० लाख.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या सपाट प्रदेशात एका घरकुलाला मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. म्हणजे एका आमदाराचा एका वर्षाचा भाडेभत्ता बरोबर दहा घरकुलांच्या अनुदानाएवढा. घरकुलाचा पैसा वेगळ्या शीर्षाखाली येतो, भत्त्याचा वेगळ्या, त्यामुळे भत्ता बंद केला म्हणून घरकुलं वाढतील असं नाही. पण आकडा किती मोठा, ते समजायला हे माप उपयोगी पडतं. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाया, जोतं, छत अशा प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून द्यावा लागतो. फोटो अपलोड झाल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही.

आता गावातल्या गुरुजींचं उदाहरण घ्या. शिक्षकांनी मुख्यालयी राहिलं पाहिजे आणि तरच घरभाडे भत्ता घ्यावा, हा वाद जुना आहे. २०१९ च्या शासन निर्णयाने त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आवश्यक केला. म्हणजे गुरुजी गावात राहतात की नाही, हे गावाने सांगायचं. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षक मुख्यालयी न राहता घरभाडं घेतात, हा विषय विधानसभेत लावून धरला. त्यावर राज्यभर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या.

शिक्षकाच्या घरभाड्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. आमदाराच्या भाडेभत्त्याला ग्रामसभेचा ठराव लागत नाही. दोघांचाही पगार एकाच तिजोरीतून होतो. मतदारांनी लक्षात ठेवण्यासारखी ही तुलना आहे.

३०० घरांची घोषणा

२४ मार्च २०२२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधानसभेत सांगितलं, की मुंबईबाहेरच्या, विशेषतः ग्रामीण भागातल्या आमदारांसाठी मुंबईत सुमारे ३०० घरं बांधून देऊ. जागा गोरेगावला, काम म्हाडाचं.

घोषणा होताच सोशल मीडियावर लोक तुटून पडले. एसटी कामगारांचा संप तेव्हा मिटलेला नव्हता, शेतीपंपाच्या वीजतोडणीवरून ग्रामीण भाग तापलेला होता. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनी खुलासा केला : घरं फुकट नाहीत, जागेची किंमत आणि बांधकामाचा खर्च मिळून सुमारे ७० लाख रुपये आमदारांकडून घेतले जातील. तरीही विरोध थांबला नाही. मनसेचे आमदार राजू पाटील यांनी घरं कशासाठी, असा सवाल केला. शरद पवार यांनीही या कल्पनेला नापसंती दाखवली. मग विषय बाजूला पडला.

इथे एक बारकावा आहे. खोली ही पदाला असते, पद गेलं की खोली जाते. मालकीचं घर मात्र माणसाला असतं. पाच वर्षांनी आमदार पडला तरी घर त्याचंच राहतं आणि त्याच्या जागी निवडून आलेल्याला पुन्हा घर लागतं. दर निवडणुकीला नवी घरं कुठून आणणार? लांबच्या आमदारांची अडचण मालकीच्या घरांनी सुटत नाही, ती प्रत्येक पाच वर्षांनी नव्याने उभी राहते.

म्हाडाच्या सोडतीत लोकप्रतिनिधींसाठी वेगळा कोटा आहे, हेही अनेकांना माहीत नसतं. ऑगस्ट २०२३ च्या मुंबई सोडतीत ४,०८२ घरं होती. त्यात ताडदेवचं साडेसात कोटींचं घर बदनापूरचे आमदार नारायण कुचे यांना लागलं. एवढ्या किमतीचं कर्ज जमेना, तेव्हा त्यांनी ते परत केलं.

हिवाळ्यात नागपूर

१९५३ च्या नागपूर करारानुसार वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात होतं. तिथेही आमदार निवास आहे, सिव्हिल लाइन्स भागात. मंत्र्यांसाठी रवी भवन आणि नाग भवन. हिवाळी अधिवेशन थोड्याच दिवसांचं असतं, पण त्या आधी दरवर्षी या इमारतींची रंगरंगोटी, दुरुस्ती, गाद्या-पडदे यांवर सार्वजनिक बांधकाम विभागाचा खर्च होतो. भुसावळहून नागपूर रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. म्हणजे खान्देशातल्या आमदाराला दोन्ही राजधान्या जवळपास सारख्याच लांब.

बाहेरच्या देशांत काय झालं?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. लांबून येणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या घराच्या पैशावरून जगात मोठमोठी पदं गेली आहेत.

ब्रिटन : लंडनबाहेरच्या खासदारांना दुसऱ्या घराचा भत्ता मिळायचा. २००९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ या वर्तमानपत्राने त्यांची बिलं छापली. कुणी कोणतं घर ‘दुसरं’ हे सोयीप्रमाणे बदललं होतं, तर एका खासदाराने तळ्यातल्या बदकांच्या तरंगत्या घराचंही बिल लावलं होतं. सभागृहाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. त्यानंतर भत्ते ठरवण्याचं काम खासदारांच्या हातातून काढून एका स्वतंत्र संस्थेकडे दिलं गेलं. आता प्रत्येक खासदाराचा खर्च इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो.

कॅनडा : राजधानी ओटावापासून १०० किलोमीटरहून लांब घर असलेल्या सिनेटरांना राहण्याचा खर्च मिळतो. माइक डफी हे सिनेटर वर्षानुवर्षं ओटावात राहत होते, पण मुख्य घर म्हणून दूरच्या प्रांतातलं घर दाखवून खर्च घेत होते. खटला चालला. २०१६ मध्ये ते सगळ्या आरोपांतून सुटले, कारण मुख्य घर कशाला म्हणायचं हे नियमातच नीट लिहिलेलं नव्हतं.

नॉर्वे : संसदेपासून ४० किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्यांना सरकारी फ्लॅट मिळतो. या नियमाच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये खुद्द संसदेच्या अध्यक्ष एवा क्रिस्टिन हान्सेन यांना पद सोडावं लागलं.

तिन्हीकडून मिळणारा धडा साधा आहे. अंतर किलोमीटरमध्ये लिहिलेलं पाहिजे, मुख्य घर कोणतं ते स्पष्ट पाहिजे आणि खर्च लोकांना दिसला पाहिजे.

आमदारांची बाजू

सोय पूर्णच बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. पण त्याचा फटका कुणाला बसेल, तेही पाहिलं पाहिजे. ज्यांचे मुंबईत आधीच फ्लॅट आहेत, धंदे आहेत, त्यांचं काही बिघडणार नाही. अडचण होईल ती साक्री किंवा चोपड्यातून निवडून येणाऱ्या, मुंबईत कुणी नसलेल्या माणसाची. राजकारण फक्त पैसेवाल्यांचं राहू नये, म्हणूनच लोकप्रतिनिधींना पगार आणि निवारा देण्याची पद्धत आली. ब्रिटनमध्ये खासदारांना नियमित पगार १९११ साली सुरू झाला, तो कामगार आणि गरीब घरातली माणसं संसदेत टिकावीत म्हणूनच.

दक्षिण मुंबईत घरभाडं प्रचंड आहे, हेही खरं. विधान भवनाजवळ बरं घर घ्यायचं तर १ लाख ही काही अवाढव्य रक्कम नाही. लांब उपनगरात घर घेतलं तर दररोज दोन-दोन तास प्रवासात जातात. शिवाय आमदाराकडे मतदारसंघातून रोज माणसं येतात, त्यांचा चहा-नाश्ता, गाडीभाडं पदरचं होतं, असं आमदार मंडळी सांगतात. म्हणून सोय असावी, पण ती खोलीच्या रूपात असावी आणि जिथे पैसा द्यावाच लागेल तिथे अंतराची अट आणि उघडा हिशेब असावा, ही मधली वाट आहे.

माहिती कशी मागवायची?

आपल्या आमदारांना खोली मिळाली की भत्ता, आणि किती मिळाला, हे कुणालाही माहिती अधिकार कायदा २००५ खाली विचारता येतं.

१. वेतन-भत्त्यांसाठी अर्ज जन माहिती अधिकारी, महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई यांच्या नावे करावा. इमारतींच्या दुरुस्ती-बांधकामाच्या खर्चासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.

२. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा. लांबलचक तक्रार लिहू नये, नेमका कालावधी टाकावा. उदाहरणार्थ, ‘एप्रिल २०१८ ते मार्च २०२४ या काळात अमुक मतदारसंघाच्या विधानसभा सदस्यांना निवासस्थानापोटी अदा केलेली रक्कम, महिनावार.’

३. शासकीय कार्यालयांसाठी अर्जाची फी १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. शासनाच्या विभागांसाठी ऑनलाइन पोर्टलही आहे.

४. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर त्याच कार्यालयात ३० दिवसांच्या आत पहिलं अपील.

मुंबईला जाण्याआधी

आमदार निवासात थांबायचं असेल तर आयत्या वेळी स्टेशनवर उतरून फोन करू नका. अधिवेशनाच्या काळात खोल्या भरलेल्या असतात. आठवडाभर आधी आमदारांच्या संपर्क कार्यालयात जा, किती माणसं, किती दिवस, कशासाठी ते सांगा आणि पत्र घ्या. आधार कार्ड जवळ ठेवा. पेशंट सोबत असेल तर हॉस्पिटलचे कागद आणि सगळ्या औषधांची चिठ्ठी वेगळ्या पिशवीत ठेवा. टाटाला जाणाऱ्यांनी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडेही राहण्याच्या सोयीची चौकशी करावी. तिथे धर्मशाळांची माहिती मिळते.

आणि आमदार गावात आले, की रस्ता-गटारीच्या जोडीला हेही विचारायला हरकत नाही : भाऊ, मुंबईत तुम्हाला खोली आहे की भत्ता? खोली असेल तर तिचा नंबर काय? भत्ता असेल तर आपल्या पेशंटने रात्री कुठे जायचं? नवा मनोरा उघडेल तेव्हा त्यात मतदारसंघातून येणाऱ्यांसाठी पथारी टाकायला जागा असेल का, हेही आताच विचारून ठेवलेलं बरं. इमारत पूर्ण झाल्यावर भिंती हलवता येत नाहीत.